घराजवळचा उत्सव दोन खेपांत कसा अनुभवावा

घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर भरणाऱ्या उत्सवाची मोठी सोय ही की, तो एका दमात पाहून संपवावा लागत नाही. तरीही बहुतेक जण ऐन गर्दीच्या वेळी पोहोचतात, तासभर रेटारेटी सोसतात, दोन-चार छायाचित्रे काढतात आणि ‘गर्दीच फार होती’ असे म्हणत परततात. माझा परिपाठ निराळा आहे. पहिली खेप उत्सव सुरू होता होता करावी, मग घरी येऊन विसावा घ्यावा आणि दिवे लागल्यानंतर पुन्हा बाहेर पडावे.

पहिल्या खेपेला सारे काही अर्धवट मांडलेले असते आणि त्यातच तिची गंमत असते. कोणी शिडीवर चढून दिव्यांच्या माळा बांधत असतो, एखादा स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून जमिनीवरची वायर चिकटपट्टीने दाबत पुढे पुढे सरकत असतो, ध्वनिक्षेपकावरून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ चाललेले असते आणि मंचामागे संध्याकाळच्या नाचातली एखादी मुलगी ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत पावले घटवत असते. स्टॉल मांडून बसलेल्या माणसांना या वेळी बोलायला सवड असते. ‘हे तुम्ही स्वतः केलेत का?’ हा प्रश्न दुपारी विचारला तर वस्तू कशी घडली याची साद्यंत हकिकत ऐकायला मिळते. तोच प्रश्न रात्री विचारला तर नुसती मान हलते. समोरच्या इमारतीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या, पण केवळ चेहऱ्याने ओळखीच्या असलेल्या शेजाऱ्याचे नाव मला कळले, ते अशाच एका दुपारी, त्यांच्या टेबलाचा डगमगता पाय धरून उभे असताना.

याच खेपेत पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची जागा आणि बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा पाहून ठेवाव्यात. ज्या वाटेने आपण आत येतो त्याच वाटेने सगळ्यांना बाहेर पडायचे असते, म्हणून दुसरी वाट ठाऊक असणे फार उपयोगाचे ठरते.

खाण्याच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो: रांगेची लांबी पाहू नये, तिचा वेग पाहावा. पैसे घेणारा आणि वाढणारा एकच असेल, तर छोटी रांगही तुंबते. कूपन एकीकडे आणि वाढप दुसरीकडे असेल, तर लांबलचक रांगही भराभर सरकते. मंचावरचा लोकप्रिय कार्यक्रम रंगात आलेला असताना स्टॉल मोकळे असतात आणि मध्यंतर होताच सारे एकदम तिकडे धाव घेतात, त्यामुळे पोटपूजा मध्यंतरापूर्वी उरकणे शहाणपणाचे.

दुसऱ्या खेपेत मुख्य प्रश्न उभे कोठे राहावे हा असतो. पुढची जागा म्हणजे उत्तम जागा ही समजूत निदान ऐकण्याच्या बाबतीत खोटी आहे. ध्वनियोजना सांभाळणारा तंत्रज्ञ आपले मिक्सर घेऊन सहसा प्रेक्षकांच्या मधोमध, मंचापासून काही अंतरावर बसतो आणि स्वतःच्या कानांना पटेल असा तोल साधतो. म्हणून त्याच्या आसपास उभे राहिल्यास गाणे आणि वाद्ये दोन्ही नीट ऐकू येतात. स्पीकरच्या तोंडाशी मात्र थांबू नये. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात ८ तासांपर्यंत राहता येते, पण त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर आपण अपायकारक आवाजात उभे आहोत असे समजावे. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे वीस-पंचवीस पावले मागे सरल्यानेही मोठा फरक पडतो. तान्ह्या मुलांना कानांवर बसणारे संरक्षक घालावे; मोठ्यांसाठी फोमचे बोळे पुरतात, मात्र ते उंच स्वर अधिक दाबत असल्याने गाणे थोडे बोदे वाटते.

गर्दीचे भय बाळगण्याचे कारण नाही, पण तिची नस ओळखता यायला हवी. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे असतील, तर सहज चालता येते. चार झाली की खांद्याला खांदा लागतो आणि पाचांच्या पुढे गेल्यावर माणूस स्वतःच्या मर्जीने हलेनासा होतो. चारही बाजूंनी माणसांचा स्पर्श जाणवू लागला, की कार्यक्रम कितीही रंगलेला असला तरी तेथून निघावे. निघताना लोंढ्याच्या विरुद्ध रेटा देऊ नये. त्याच्याबरोबर थोडे पुढे जात तिरपे तिरपे कडेला सरकावे आणि हात छातीसमोर घडी करून श्वासापुरती जागा राखावी. अरुंद आणि उताराची गल्ली तर ऐन भरात टाळावीच. दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री जी चेंगराचेंगरी झाली आणि १५९ जणांचा बळी गेला, ती अशाच एका गल्लीत.

चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधी ठरवावी, हे सगळेच सांगतात. ती नेमकी असावी, हे मी फजिती होऊन शिकलो. आम्ही ‘मंचाजवळ’ भेटायचे ठरवले होते. मंचाला डावी बाजू होती, उजवी होती आणि मागचीही होती, त्यामुळे घरातली चार माणसे पाऊण तास एकाच मंचाभोवती एकमेकांना शोधत फिरली. तेव्हापासून आम्ही गर्दीच्या बाहेरची, न हलणारी आणि एकच असलेली खूण निवडतो. फोनवर फार विसंबू नये, कारण एकाच मनोऱ्यावर हजारो फोनांचा भार पडला की इंटरनेट आधी अडखळते. साधा एसएमएस मात्र पुष्कळदा पोहोचतो. लहान मुलांचे त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र निघण्यापूर्वी काढून ठेवावे आणि त्यांच्या मनगटावर आपला फोन क्रमांक पेनाने लिहावा.

छायाचित्रांची हौस असलेल्यांनी सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे साधावीत; तेव्हा आकाशात निळाई उरलेली असते आणि दिवेही लागलेले असतात. एरवी फोन खिशातच बरा.

ज्यांना गर्दीत अवघडल्यासारखे होते, त्यांना माझी शिफारस अशी की, आयोजकांकडे एक तासाचे काम मागून घ्यावे. पाणी देणे, वाट दाखवणे, हरवलेल्या वस्तूंच्या टेबलापाशी बसणे, काहीही चालेल. काम हाती असले की उगाच उभे असल्याचा संकोच राहत नाही, आणि लोक आपणहून बोलायला येतात. ते टेबल मी दोनदा सांभाळले आहे. पहिल्या वर्षी एका आजोबांनी तीन वेळा येऊन आपला चष्मा सापडला का, अशी चौकशी केली; तिसऱ्या खेपेला तो त्यांच्याच कपाळावर चढवलेला असल्याचे रांगेतल्या एका चिमुरडीने दाखवून दिले.

परतताना एक तर शेवटचा कार्यक्रम संपण्याच्या दहा मिनिटे आधी निघावे, नाही तर अर्धा तास थांबून खुर्च्या रचायला हात लावावा. मी हल्ली थांबतो. तोवर दुपारी वायर चिकटवणारा तो स्वयंसेवक तीच चिकटपट्टी उलट्या दिशेने सोलत परत येत असतो.