मोटर एरर आली की आधी पट्टी पुसा

जुन्या प्लॉटरवर, म्हणजे बॅनर-पोस्टर छापणाऱ्या मोठ्या प्रिंटरवर, मोटर एरर आली की लोक थेट नवी मोटर मागवतात. थांबा. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, बिघाड भलतीकडेच असतो.

मशीन बंद करा, प्लग काढा आणि कॅरेज (प्रिंट हेड घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग) हाताने हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. हेड कॅपिंगवर, म्हणजे कडेला हेड झाकून ठेवायच्या जागी, लॉक असेल तर जोर लावू नका. एका ठरावीक जागी हात अडतोय का? मग तिथे कॅरेज ज्यावर सरकतं त्या रॉडवर शाई आणि जुनं ग्रीस चिकटलंय. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुकानाचं शटर दिवसभर उघडं असतं आणि रस्त्याची धूळ त्या ग्रीसवर बसून अगदी लेपासारखी घट्ट होते. ते पुसून कंपनीने सांगितलेलं तेल अगदी थोडं लावा.

कॅरेज मोकळं सरकत असेल तर एन्कोडर पट्टी बघा. कॅरेजमागची ती पारदर्शक पट्टी, तिच्यावर केसासारख्या बारीक रेषा असतात. सेन्सर त्या मोजूनच जागा ओळखतो. शाईचा एक डाग पडला तरी मोजणी चुकते आणि मशीन खापर मोटरवर फोडतं. धागे न सुटणारं कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करून पुसा. थिनर किंवा सॉल्व्हेंट मुळीच नको, रेषाच उडतात!

पुलीखाली काळी भुकटी दिसली तर कॅरेज ओढणारा बेल्ट झिजलाय. तोही ठीक असेल तर केबल, कनेक्टर तपासा. मोटरचा नंबर त्यानंतर.