जुन्या फायबर बोटीचं लाकूड बदलताना या चुका टाळा

आऊटबोर्ड इंजिन वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने धरा आणि वर-खाली हलवा. त्याबरोबर ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगलेली बोटीची मागची भिंत, जराही डुलली तर आतलं लाकूड गेलं असं समजा. बाहेरचं फायबर कितीही चकचकीत असू दे. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळा ट्रान्सम, तळाचे स्ट्रिंगर (तळाला आधार देणारे लांब लाकडी पट्टे) आणि डेक ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका आली तिथे आतल्या बाजूने ४ मिलिमीटरचं ड्रिल मारून भुसा पाहा. कोरडा आणि फिका असेल तर ठीक. काळपट, ओला, बोटाला चिकटणारा असेल तर काम निघालं.

कोकण किनाऱ्यावरच्या १५ ते २० फुटी जुन्या पॉवरबोटींत बहुतेक ठिकाणी रचना एकच दिसते. ट्रान्सममध्ये प्लायचे दोन थर, तळाला लांबीत बसवलेले दोन-चार लाकडी स्ट्रिंगर, डेकखाली प्लाय, आणि या सगळ्यावर फायबर मारलेलं. ताण काच, म्हणजे फायबरमधले काचेचे तंतू, घेते. लाकूड काचेच्या दोन थरांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतं. हे थर लाकडापासून सुटले की लाकूड पूर्ण कुजायच्या आधीच ताकद जाते. म्हणून या दुरुस्तीत महत्त्व चिकटण्याला आहे, आणि ओल्या लाकडाला रेझिन (काच जिच्यात भिजवून मारतात ती, सुकून कडक होणारी राळ) नीट चिकटत नाही. खालच्या बहुतेक चुका शेवटी इथेच येऊन पोचतात.

उघडलेलं लाकूड पावसाळ्यात फायबरखाली बंद करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती का होते हेही कळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटकांच्या बोटीही वर ओढलेल्या. बोट रिकामी, माणसं रिकामी, म्हणून दुरुस्ती तेव्हाच काढतात. पण हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते तेव्हा लाकूड कितीही पंखे लावा, १८-२० टक्के ओलाव्याच्या खाली उतरत नाही. ते त्या हवेशी जुळवूनच बसतं. रेझिन मारायला हवं १२ टक्क्यांच्या आसपास, फार तर १५.

मी पहिल्या बोटीचा ट्रान्सम जुलैत बंद केला होता. वरून ताडपत्री, आत हॅलोजनचे दिवे, सगळं केलं. तिसऱ्या हंगामात इंजिनाच्या बोल्टभोवती काळं पाणी पाझरू लागलं. उघडलं तर काचेचा थर हाताने सोलून निघाला, आणि त्याच्या आतल्या बाजूला लाकडाची एक शीरही चिकटलेली नव्हती. नीट चिकटलेला थर सोलला तर लाकूड फाटून सोबत आलं पाहिजे.

उघडायचं काम एप्रिलात काढा आणि मृगाआधी बंद होणार असेल तरच पुढे जा. नसेल होणार, तर कुजकं काढून टाका, बोट वारा खेळेल अशी शाकारून ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद करा. हंगामाचे दोन महिने बुडतात, ज्याचं पोट बोटीवर आहे त्याला हे जड जातं, मला माहीत आहे. तरीही ओलं लाकूड आत कोंडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. लाकूड सुकलं की नाही हे कळायला ओलावा मोजायचं यंत्र चांगलं. ते नसेल तर त्याच लाकडाचा तुकडा शेजारी ठेवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोला. वजन उतरायचं थांबलं म्हणजे त्या हवेत सुकायचं तेवढं सुकलं. हवा कोरडी असताना हे झालं तरच त्याला अर्थ आहे.

आणि एक. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त मानवतं. त्यामुळे बोट समुद्रात कमी आणि अंगणात जास्त कुजते. वर ओढलेल्या बोटीचं नाक उंच ठेवा, मागची बूच काढून ठेवा.

भोकं पाडून पातळ इपॉक्सी ओतणं

कुजलेल्या लाकडात भोकं पाडायची, पातळ इपॉक्सी (रेझिनचाच एक प्रकार) ओतायचं, वरून पुट्टी. आठवड्याचं काम दुपारी संपतं. पण ओल्या, भुसभुशीत लाकडात ते सगळीकडे पोचत नाही. जिथे पोचतं तिथे कडक गोळा होतो आणि त्याच्या पलीकडे कुज चालूच राहते. तंतू तुटलेल्या लाकडाला मूळची ताकद कुठलंही रेझिन परत देत नाही. हॅचच्या झाकणाला चालेल. ट्रान्समला आणि स्ट्रिंगरला कधीही नाही. मागे शंभर किलोंचं इंजिन लटकलेलं असतं आणि बोटीत माणसं बसलेली असतात.

सगळं एकदम उपसणं

फायबरचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, आतल्या लाकडाशिवाय लवचीक असतो. बोट दोन टायरांवर आणि चार ओंडक्यांवर ठेवून दोन्ही बाजूंचे स्ट्रिंगर आणि ट्रान्सम एकाच दिवशी काढले, तर तळ आपल्याच वजनाने बसतो. तसाच नवा सांगाडा चढवला की ते वाकडेपण कायमचं. तळाचा मागचा भाग आत वळून खोलगट झाला तर बोट नाक दाबून चालते आणि वेग घेत नाही. बाहेर फुगला तर भरधाव असताना नाकाने उड्या मारत राहते. मग लोक प्रोपेलर बदलतात, इंजिनाचा कोन बदलतात, आणि दोष तळात असतो.

कापण्याआधी तळाच्या आकाराचे प्लायचे आधार कापून दर दोन-तीन फुटांवर बसवा. नाकापासून ट्रान्समपर्यंत दोरी ताणून बांधा आणि काम संपेपर्यंत सोडू नका. दर फुटावर दोरीपासून तळापर्यंतचं अंतर हलवरच मार्करने लिहा. स्ट्रिंगरची उंची, डेकची पातळी, ट्रान्समचा कोन आणि जाडी, इंजिनाच्या बोल्टांची जागा, सगळं मोजून फोटो काढा. ट्रान्समची उंची विशेष जपा. इंजिनं १५, २० आणि २५ इंची ट्रान्समसाठी येतात. इंचभर फरक पडला तरी प्रोपेलर हवा ओढायला लागतो किंवा नको तितका खोल जातो. एका वेळी एक बाजू काढा, ती बसवा, मग दुसरी.

डेकखाली ओतलेला फोम असेल तर पाण्याने जड झालेला सगळा काढा, पण जागा रिकामी सोडू नका. बोट पाण्याने भरली तर तिला तरंगत ठेवायला तो घातलेला असतो.

लाकडाची निवड

आपल्याकडे हमखास सल्ला मिळतो: सागवान घाल, कुजायचंच नाही. सागवानात नैसर्गिक तेल असतं आणि रेझिन त्यावर नीट धरत नाही. शिवाय जाड अखंड लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि वरच्या काचेला चिरा पाडतं. सागवान उघड्या कामाला उत्तम, काचेत गुंडाळायला नाही. ट्रान्समसाठी आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या, १९ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून. आयएस ३०३ चा फर्निचरचा प्लाय दिसायला तसाच असतो, म्हणून छाप पाहूनच पैसे द्या. मात्र ७१० मुळे निर्धास्त होऊ नका. त्याचा गोंद उकळत्या पाण्यात टिकतो, पण लाकूड शेवटी लाकूडच. कडा उघड्या राहिल्या तर तोही कुजतो. म्हणून सगळ्या बाजूंना, विशेषतः कडांना, बसवण्याआधीच रेझिन पाजा.

रेझिनमधली गल्लत

आधी जिवाची गोष्ट. दुकानात पॉलिस्टर रेझिन, जांभळट कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (रेझिन कडक करणारा) अशा तीन वस्तू वेगवेगळ्या मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर घाला. दोघांना एकच मापाची वाटी वापरू नका. हार्डनर हाताळताना चष्मा लावाच, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

पॉलिस्टरमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. ऊन जास्त असेल तर एकाकडे जा, त्याखाली नको. इपॉक्सीचं गणित वेगळं आहे. तिथे ठरलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते मऊच राहतं. वर्षानुवर्षं पॉलिस्टर मारलेले कसबी हातही इथे चुकतात.

जुन्या फायबरला चिकटायला मी इपॉक्सीच वापरतो. त्याच्यासोबत नेहमीची चुरा-मॅट, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची चादर, मात्र घेऊ नका. तिचे तंतू धरणारा बहुतेक बाईंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, म्हणून मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. विणलेलं किंवा दोन तिरप्या दिशांनी शिवलेलं कापड घ्या. आणि इपॉक्सीवर पुन्हा पॉलिस्टर मारू नका, ते नीट सुकत नाही.

घासणं आणि कोपरे

मेण आणि तेल ॲसिटोनने आधी पुसा, मग ग्राइंडर लावा. उलटं केलंत तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने स्वच्छ काच दिसेपर्यंत घासा. हल तुटून जोडायचा असेल तर उतार जाडीच्या १२ पट हवा: ६ मिलिमीटर जाडीला ७२ मिलिमीटर. काचेच्या धुळीसाठी रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क लावा.

काच काटकोनात वळत नाही, कोपऱ्यात हवा धरते. स्ट्रिंगरच्या वरच्या कडा गोल करा, खालच्या कोपऱ्यात पावडर मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीचा बोटाएवढ्या गोलाईचा भराव द्या आणि तो ओला असतानाच कापड चढवा. पहिली पट्टी हलवर ५ सेंटिमीटर उतरवा, दुसरी ८, तिसरी ११. सगळ्या एकाच रेषेत संपवल्या तर तिथेच चीर जाते. स्ट्रिंगर तळावर कोरडा टेकवू नका, त्याखालीही हाच भराव पसरा.

काम बिघडलं तर

पॉलिस्टर वरून चिकट राहिलं पण नख रुतत नसेल तर घाबरू नका. हवेमुळे तसं होतं आणि पुढचा थर त्यावर छान धरतो. शेवटच्या थरात मेण मिसळलेलं रेझिन वापरा. दुसऱ्या दिवशीही खोलवर मऊ असेल तर हार्डनर कमी पडला किंवा ढवळला गेला नाही. तो थर खरवडून काढा, वरून काहीही मारून तो सुधारणार नाही.

इपॉक्सीवर दमट हवेत तेलकट साय येते. आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर लावा. काचेत पांढरे डाग दिसले तर तिथे हवा किंवा ओल आहे. तेवढं घासून पुन्हा करा. डब्यातलं रेझिन तापून धुरायला लागलं तर डबा उघड्यावर न्या. पुढच्या वेळी थोडं कालवा आणि पसरट ताटलीत ओता.

आता पुन्हा भोकं पाडायची वेळ येते, आणि पहिल्यांदा पाणी शिरलं होतं ते याच वाटेने. प्रत्येक बोल्टसाठी लागतं त्यापेक्षा मोठं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातून बोल्टाच्या मापाचं ड्रिल मारा. मग बोल्ट लाकडाला शिवतच नाही. स्ट्रिंगरमधून पाणी जायची भोकंही अशीच, आत पीव्हीसी पाईपचा तुकडा चिकटवून. बोल्टांना पॉलियुरेथेन सीलंट लावा. सिलिकॉन नको, त्याचा अंश राहिला तर पुढे तिथे रेझिन किंवा रंग धरत नाही. इंजिन चढवल्यावर पहिला महिनाभर दर फेरीनंतर बोल्ट तपासा आणि ट्रान्समच्या आतल्या खालच्या कोपऱ्यांवर बोट फिरवा. केसाएवढी चीर असेल तर ती तिथेच आधी लागते.