परदेशी इंटर्न बोलावताय? "आल्यावर बघू" सोडून बोला

नवी मुंबईत महाप्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. न्हावा शेवा बंदरात कंटेनर नेणाऱ्या वाहतूकदारांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. दर जूनमध्ये युरोपातून कॉम्प्युटर सायन्सची एक-दोन पोरं दहा-बारा आठवड्यांसाठी आमच्याकडे येतात. हे आजूबाजूला कळल्यापासून ओळखीतल्या ओळखीत फोन येतात, "आम्ही पण एक बोलावलाय, जरा सांगा ना." बहुतेक फोन पोरगं विमानात बसल्यावर येतात. तेव्हा मी काय सांगणार, कपाळ?

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: "टुरिस्ट व्हिसा पटकन मिळतो, त्यावर येऊ दे." नाही. टुरिस्ट व्हिसावर इंटर्नशिप करता येत नाही, पगार दिला नाही तरी करता येत नाही. इंटर्न व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. तो त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडून निघतो आणि त्याला तुमच्या लेटरहेडवरचं नीट पत्र लागतं. "एजंट करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. शिवाय व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणी करायची असते. ती ऑनलाइन होते, पण आपोआप होत नाही.

आता राहायच्या जागेविषयी. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

परदेशी माणूस घरात उतरला की २४ तासांच्या आत घर देणाऱ्याने त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात. १९४६ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, तरी ही जबाबदारी घर देणाऱ्याच्याच डोक्यावर आहे. हॉटेलवाले हे रोज करतात. कोपरखैरण्यात वन बीएचके भाड्याने देणाऱ्या रिटायर्ड काकांनी हे नावही ऐकलेलं नसतं. आमच्या काकांनीही नव्हतं ऐकलं. "अहो, सोसायटीत सगळे आपलेच आहेत," एवढं ते म्हणाले आणि मी मान डोलावली.

जर्मनीचा पोरगा रात्री अडीचला टॅक्सीतून उतरला. धो धो पाऊस. वॉचमन गेट उघडेना. सेक्रेटरी बनियनवर खाली आले आणि एकच प्रश्न लावून धरला, "पोलिसांचा कागद कुठाय?" काकांचा फोन स्विच ऑफ. मी ठाण्याहून गाडी काढून पोचेपर्यंत पोरगा वॉचमनच्या खुर्चीत बसला होता, दोन्ही बॅगा मांडीवर, हातात वॉचमननेच दिलेला चहा. त्याला माझ्या घरी आणला. आईने पहाटे चारला पोहे केले, ते त्याने दोनदा घेतले. पण तो आमच्याकडे झोपला म्हणजे आता फॉर्म मीच भरायचा, आणि पोर्टलवर माझं खातंच नाही. खातं उघडायला घराचे कागद लागतात, ते मंजूर व्हावं लागतं. पुढचा अख्खा दिवस त्यात गेला.

तेव्हापासून मी पोरगं यायच्या तीन आठवडे आधी घरमालकाच्या शेजारी बसून, त्यांच्याच कॉम्प्युटरवर खातं उघडून घेतो. सेक्रेटरींना पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स आधीच नेऊन देतो, सोबत अर्धा किलो पेढे. (पेढे नियमात नाहीत. पण देतो.) भाडेकरार कंपनीच्या नावाने करतो आणि रीतसर नोंदवतो. ऑनलाइन नोंदणीला आधार लागतं, ते या पोरांकडे कुठून येणार? "अकरा महिन्यांचा साधा कागद चालतो" असं इस्टेट एजंट ठामपणे सांगेल. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, त्याच्या ठामपणाला काडीची किंमत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे कामच ठरलेलं नसणं. गोरा इंटर्न आला की पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर फोटो, लिंक्डइनवर पोस्ट, आणि दुसऱ्या दिवशी "तू आधी डॉक्युमेंटेशन वाच." म्हणजे आपल्याला काही सुचलेलं नाही. आमच्याकडे एका फ्रेंच मुलीचं असंच झालं. तिच्या कॉलेजचा करार आला होता. फ्रान्समध्ये तो कॉलेज, विद्यार्थी आणि कंपनी अशा तिघांमधला असतो आणि त्यात काम काय, देखरेख कोणाची हे लिहिलेलं असतं. मी न वाचता सही केली होती. तिला कोणीतरी "रिपोर्टची पानं सुधार" म्हणून सांगितलं. तिने सहा आठवडे मन लावून सुधारली. तिचा कोड तपासायला कोणाला वेळ झाला नाही, तो तिच्या ब्रँचमध्येच, म्हणजे कोडच्या तिच्या वेगळ्या प्रतीतच, पडून राहिला. मग व्हिडिओ कॉलवर तिच्या प्राध्यापकांनी मला विचारलं की या रिपोर्टचा ग्राहकांना काय फरक पडला. मी खिडकीबाहेरचा पाऊस बघत बसलो.

आता माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. वर्षभर "हे कधीतरी करायला हवं" असं जे जे निघतं, ते मी तिच्यात लिहितो. मे महिन्यात त्यातली तीन कामं निवडतो: चहा संपायच्या आत समजावून सांगता येईल असं, आणि ज्याच्यासाठी कोणताही ग्राहक डोळे लावून बसलेला नाही असं. मागच्या खेपेला बंदराच्या गेटवर कंटेनर पोचायच्या वेळांचं काम दिलं. सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ), ड्रायव्हर आपल्या वेळेत, आणि मध्ये कोणीतरी साडेपाच तासांऐवजी पाच तास मिळवून ठेवलेले. त्यामुळे प्रत्येक कंटेनर अर्धा तास आधीच गेटवर पोचायचा. डेन्मार्कच्या पोराला अर्ध्या तासाचा टाइम झोन असतो हेच नवीन होतं, म्हणूनच की काय त्याने तो घोळ चार दिवसांत शोधला. आमची नजर त्यावरून दोन वर्षं फिरत होती.

आणि पहिल्याच दिवशी एक बारीकशी दुरुस्ती लाइव्ह करायला लावतो. डेन्मार्कच्या त्या पोराला पावतीवरचं "वहान क्रमांक" दुरुस्त करायला दिलं. त्याला देवनागरी येत नाही. तो स्क्रीनला नाक लावून विचारत होता, यातली नेमकी कुठली रेघ चुकीच्या जागी आहे? संध्याकाळी त्याची रेघ पनवेलच्या एका ऑफिसात छापून आली. पहिल्या दिवसाला एवढं बास. ज्यांना पहिल्याच आठवड्यात एआयचं मॉड्यूल हवंय, त्यांनी अनुभवी माणूस पगारावर ठेवावा.

लाइव्ह डेटाबेसची कॉपी इंटर्नच्या लॅपटॉपवर देऊ नका. ड्रायव्हरांचे मोबाइल नंबर असतात त्यात, आणि आपल्याकडेही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. युरोपातली पोरं हे स्वतःहून विचारतात, तेव्हा आपलीच मान खाली जाते.

"हो" जपून म्हणा. आपलं "हो, बघतो" म्हणजे बहुतेकदा नाही. ते ऐकून पोरगं वहीत तारीख लिहून घेतं आणि त्या तारखेला दारात उभं राहतं. मी टीमला सांगून ठेवलंय, जमणार नसेल तर "नाही" म्हणा, त्यांना राग येत नाही.

लॅपटॉपचा जाड गोल जर्मन प्लग आपल्या सॉकेटात नीट बसत नाही, अडॅप्टर आणून ठेवा. पहिल्या आठवड्यात मिसळ नको. सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये पहिल्या दिवशी एकट्याने चढवू नका. प्राध्यापकांबरोबरचे कॉल ठरवताना लक्षात ठेवा, जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार.

कॉलेजचा शेवटचा फॉर्म मात्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्यावर कामाचे तास, सही आणि कंपनीचा शिक्का लागतो. आमच्या फ्रेंच मुलीचं विमान गणपतीत होतं. शिक्का अकाउंटंटच्या कपाटात, किल्ली अकाउंटंटच्या खिशात आणि अकाउंटंट सावंतवाडीला. दहा दिवसांनी स्कॅन करून पाठवला, तोवर तिच्या कॉलेजची दोन स्मरणपत्रं येऊन गेली होती. आता दुसरा शिक्का करून घेतलाय. तो माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, वहीच्या खाली.