आजीचा पानाचा डबा

मनात दाटून आलं की चित्र आपोआप होतं, अशा समजात मी चित्रकलेला प्रवेश घेतला. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झालेल्या, बारावीनंतर सीईटी दिली. आणि पहिलं वर्ष गेलं मडकी, बाटल्या, पडद्याच्या चुण्या काढण्यात. जाम वैतागलो होतो.

दुसऱ्या वर्षी आजी गेली. दोन रात्री जागून मोठा कॅनव्हास रंगवला: काळानिळा अंधार, गुडघ्यात डोकं घातलेली बाई. सर बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "रडणं दिसतंय. आजी कुठाय?"

राग आला. पण घरी जाऊन तिचा पितळी पानाचा डबा समोर घेतला. डब्याच्या तोंडाचा लंबगोल पहिल्याच फटक्यात बसला. ती त्या मडक्यांची कमाई. चुन्याच्या डबीच्या काठाला तिनं बोट पुसलेलं, ते तसंच वाळून राहिलेलं. अडलं ते काताच्या रंगाशी. नुसता बर्न्ट सिएना विटेसारखा दिसे, क्रिमझन घातला की रक्तासारखा. अल्ट्रामरीन निळ्याचा कण पडला आणि तो रंग सापडला. आजीच्या ओठांच्या कडेला असायचा, तोच.

नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगेन, की दुःख काढायला बसू नका, वस्तू काढा. खिशात छोटी वही ठेवा, लोकलची वाट बघताना माणसं काढा; ती हलतात, म्हणूनच काढा. अमूर्ताची, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या चित्रांची, घाई असेल तर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवा. 1948 मध्ये मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्या या माणसाची सुरुवातीची कामं आकृतिप्रधान, माणसं ओळखू येणारी आहेत. मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरच्या बाजूचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय पायाखालचं करा. फोनवर रंगाची जाडी कळत नाही.

आणि तैलरंगात खालचा थर पातळ, वरचा तेलकट. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो. माझ्या त्या काळ्यानिळ्या बाईला वर्षभरात भेगा पडल्या. घाईत रंग पातळ करायचं टर्पेंटाइन वरच्या थरात ओतलं होतं, दुसरं काय! ती आता कपाटामागे आहे.

डब्याचं चित्र आईला दाखवलं. ती जवळ जाऊन बघत राहिली, मग म्हणाली, "चुन्याची डबी उघडी का ठेवलीस? वाळेल ना."