सीके-एमबीचा आकडा एकूण सीकेपेक्षा मोठा आला? प्रयोगशाळेत या चुका टाळा

हृदयविकाराच्या निदानात आज ट्रोपोनिनला, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाच्या चाचणीला, पहिले स्थान आहे. तरीही ट्रोपोनिनची सोय नसलेल्या ठिकाणी सीके-एमबी ही चाचणी अजून केली जाते, आणि तिचे चुकीचे आकडे यंत्र बिघडल्यामुळे येतात त्यापेक्षा आपण नेमके काय मोजत आहोत याचा विसर पडल्यामुळे अधिक येतात.

क्रिएटिन कायनेज म्हणजेच सीके हे एन्झाइम एम आणि बी या उपघटकांच्या जोडीने बनते. हातापायांच्या स्नायूंत मुख्यतः एमएम, मेंदूत बीबी, तर हृदयाच्या स्नायूत एमएमसोबत एमबीचा बऱ्यापैकी वाटा असतो. नेहमीच्या किटमधील प्रतिपिंड एम उपघटकाला निष्क्रिय करते. त्यामुळे एमएम पूर्ण थांबते, एमबी अर्धे थांबते, आणि उरलेली सक्रियता बी उपघटकाची धरून तिला दोनाने गुणले जाते. म्हणजे यंत्र एमबी मोजत नाही, ते ‘थांबले नाही ते सगळे’ मोजते. रक्तात बीबी नाही आणि प्रतिपिंडाला न जुमानणारे दुसरे काहीही नाही, हे या पद्धतीत गृहीतच धरलेले असते.

हे गृहीतक मोडले की काय होते ते पाहा. एका नमुन्यात एकूण सीके १४० युनिट प्रतिलिटर आहे आणि प्रतिपिंड घातल्यावर ८२ युनिट उरले, असे समजा. दुप्पट केल्यावर सीके-एमबी १६४ येते. भाग संपूर्णापेक्षा मोठा असूच शकत नाही, त्यामुळे हा अहवाल तसाच बाहेर जाता कामा नये. अशा वेळी बहुधा मॅक्रो-सीके असते: बीबीला रुग्णाचेच प्रतिपिंड चिकटून झालेला मोठा रेणू किंवा मायटोकॉन्ड्रियातील सीकेचे पुंजके. दोन्हींवर एमविरोधी प्रतिपिंडाचा परिणाम होत नाही. एमबीचे एकूण सीकेशी प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेले तरी हीच शंका घ्यावी आणि ट्रोपोनिन, सीके-एमबी मास (एमबीची सक्रियता नव्हे, तर तिचे प्रत्यक्ष प्रमाण मोजणारी चाचणी) किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने (विजेच्या साहाय्याने सीकेचे प्रकार वेगळे करून) खात्री करावी. एकूण सीके न पाहता नुसते एमबी कळवणे ही माझ्या मते या चाचणीतील सर्वांत घातक सवय आहे, कारण त्या एका आकड्यावरून माणूस अतिदक्षता विभागात जाऊ शकतो.

दुसरी चूक नमुना घेतानाच होते. तांबड्या पेशींत सीके नसते, म्हणून लालसर सीरम चालेल असा समज आढळतो. पण त्या पेशींतील अ‍ॅडिनिलेट कायनेज हे एन्झाइम रिएजंटमधील एडीपीपासून एटीपी तयार करते; सीकेची सक्रियताही तयार झालेल्या एटीपीवरूनच मोजली जात असल्याने ३४० नॅनोमीटर तरंगलांबीवरील वाचनात ते सीकेसारखेच दिसते. रिएजंटमध्ये त्याला रोखणारे घटक असतात, मात्र पेशी फार फुटल्या असतील तर ते अपुरे पडतात, आणि एमबीच्या गणितात ही चूकही दुप्पट होते. अशा वेळी नमुना पुन्हा मागवावा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतील प्लाझ्माही वापरू नये, कारण सीकेला लागणारे मॅग्नेशियम ईडीटीए बांधून ठेवते. सीरम किंवा हेपॅरिन प्लाझ्मा योग्य.

एकूण सीके खूप वाढलेले असेल तर प्रतिपिंड सगळ्या एमला पुरत नाही आणि एमबी खोटेच वाढते. किटच्या माहितीपत्रकात दिलेली मर्यादा ओलांडली असेल, तर नमुना सलाईनने पातळ करून चाचणी पुन्हा करावी.

एककांचाही घोळ होतो. सक्रियता युनिट प्रतिलिटरमध्ये आणि मास नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटरमध्ये असते. या दोन्हींच्या संदर्भमर्यादा वेगळ्या आहेत आणि एक आकडा दुसऱ्यात बदलण्याचे कोणतेही भरवशाचे सूत्र नाही.

एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज) या दुसऱ्या एन्झाइमची आयसोएन्झाइमे, म्हणजे एलडी-१ ते एलडी-५ हे त्याचे प्रकार, आता क्वचितच मागवली जातात. मागवलीच, तर सीरम फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण एलडी-४ आणि एलडी-५ थंडीत निकामी होतात. पेशी फुटलेल्या नमुन्यात एलडी-१ व एलडी-२ वाढतात, आणि त्यामुळे हृदयाला इजा झाल्याचा आभास निर्माण होतो.

शेवटचा मुद्दा वेळेचा. छातीत दुखू लागल्यावर सीके-एमबी वाढायला साधारण ४ ते ६ तास लागतात, ते सुमारे २४ तासांत शिखर गाठते आणि दोन-तीन दिवसांत पूर्वपदावर येते. पहिल्याच तासात घेतलेला नमुना सामान्य आला म्हणून हृदय सुरक्षित आहे असे कळवता येत नाही; नमुना घेतल्याची नेमकी वेळ अहवालावर लिहावी आणि काही तासांनी दुसरा नमुना मागवावा. खऱ्या इजेत आकडा चढतो आणि उतरतो, मॅक्रो-सीके असेल तर तो जवळपास जागच्या जागी राहतो. शंकास्पद अहवालाचा उलगडा पुष्कळदा याच दुसऱ्या नमुन्यातून होतो.