बागेची खतावणी : वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना शाश्वतता शिकवताना

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणीय व सामाजिक बाबींचा अहवाल देणे बंधनकारक केल्यामुळे व्यवस्थापनाच्या वर्गात असे अहवाल आता वाचले जातात. मात्र ज्याने पाणी कधी स्वतः मोजलेले नाही, त्याला त्यातील पाण्याचा आकडा काहीच सांगत नाही. महाविद्यालयाच्या आवारातील चार-सहा वाफे ही उणीव भरून काढू शकतात.

उपाहारगृहातील भाजीचा कचरा आणि आवारातील पालापाचोळा यांचा खतखड्डा जुलैतच भरावा, कारण खत तयार होण्यास दोन-तीन महिने लागतात. दिवाळीची सुट्टी संपताच पाच-सहा जणांच्या प्रत्येक गटाला तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफा द्यावा आणि सर्वांना मेथीच लावायला सांगावी. ती साधारण महिनाभरात काढणीला येते. निम्म्या गटांनी विकतचे खत वापरावे, निम्म्यांनी खड्ड्यातले.

खरे शिक्षण वहीत आहे. प्रथम नेहमीच्या पद्धतीने रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, लिहू द्यावी. बियाणे, खत आणि विक्री एवढ्याच नोंदी असल्याने बहुतेक गटांना नफा दिसेल, आणि तो दिसू द्यावा. त्यानंतर जे फुकट मिळाले त्याची किंमत मांडायला लावावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. रोज पाच मिलिमीटर दिले, तर या वाफ्याला दिवसाला १५ आणि २५ दिवसांत ३७५ लिटर लागतात. त्याला टँकरचा दर आणि स्वतःच्या श्रमाला किमान वेतनाचा दर लावला की एका जुडीचा खरा खर्च समोर येतो. परीक्षेच्या दिवसांत माळ्याने पाणी घातले असेल, तर तेही खर्ची पडलेच पाहिजे.

यंत्राला घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीचा खर्च, लावणारे विद्यार्थी मातीला तो लावायचे विसरतात. म्हणून लागवडीपूर्वी व काढणीनंतर माती परीक्षण करून मातीचा कस दाखवणाऱ्या सेंद्रिय कर्बाची नोंद ठेवावी. एका हंगामात फरक इतका थोडा पडतो की त्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. त्यामुळे ही नोंद पुढच्या तुकडीच्या वहीत आरंभीची शिल्लक म्हणून ओढावी.

गुण उत्पन्नाला नव्हे, हिशेबाला द्यावेत. मावा ही कीड पडून ज्यांची मेथी गेली, त्यांनी तो तोटा चोख मांडला असेल, तर त्यांना पूर्ण गुण मिळायला हरकत नाही.