पंपाचं इंजिन होडीला लावताना पंख्याचा रेटा आधी सांभाळा

शेतातल्या पंपाचं पाच-साडेपाच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन होडीला चालेल का, असं वाघोटण खाडीकाठची माणसं मला वर्कशॉपात येऊन विचारतात. चालतं, आणि छान चालतं. हवेवर थंड होणारं इंजिन वरच राहतं, पाण्यात फक्त लांब शेपटाचा (म्हणजे पाइप आणि त्यात फिरणारा दांडा, शाफ्ट) पंखा जातो. त्यामुळे गाळ ओढला जाण्याची भीती नाही.

इंजिन घेताना इंजिनाचा स्वतःचा शाफ्ट बघा. सरळ, चावीचा (चावी बसायला खाच असलेला) हवा. आटे पाडलेला किंवा जनरेटरचा निमुळता शाफ्ट असेल तर कपलिंग (इंजिन आणि शेपूट जोडणारा सांधा) बसवताना जीव जातो. पाऊण इंच आणि 20 मिमी दिसायला सारखेच, म्हणून कॅलिपरने मोजूनच लेथवाल्याकडे जा.

आता मुख्य गोष्ट. पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणजे शेपटाच्या शाफ्टला पुढे, इंजिनात रेटतो. हे इंजिन फिरवायला बनवलंय, असा सततचा रेटा झेलायला नाही. म्हणून इंजिनाकडच्या टोकाला पाइपवर हाऊसिंग वेल्ड करून त्यात टेपर रोलर बेअरिंग बसवा आणि शाफ्टवर त्या बेअरिंगला टेकणारी कॉलर (कडी) घ्या. कपलिंग रबरी स्टारचं वापरा, दोन तुकड्यांत दोन-तीन मिमी फट सोडा. मग पंख्याकडून शाफ्ट जोरात दाबून बघा. फट तेवढीच राहिली पाहिजे. ती मिटली तर रेटा क्रँकला (इंजिनाच्या आतल्या मुख्य दांड्याला) जातोय. तसं इंजिन पाण्यात नेऊ नका.

शाफ्टला 316 स्टेनलेस घ्या, खाऱ्या पाण्यात साधं लोखंड टिकत नाही. पाण्याकडे गनमेटलचं बुश, ग्रीस निपलसकट.

पंखा डावा लागतो. शाफ्टकडून बघितलं तर ही इंजिनं घड्याळाच्या उलट फिरतात. बाजारातला नेहमीचा उजवा पंखा लावलात तर होडी मागे पळेल.

शेपूट लांब ठेवा, म्हणजे कोन कमी लागतो. होंडा जीएक्स 160 सारख्या इंजिनात तेल उडवून वंगण होतं, 20 अंशांपेक्षा जास्त कलवायचं नाही. ऑइल अलर्ट (तेल कमी झालं की इंजिन बंद करणारी सोय) असेल तर इंजिन कलल्यावर बंदही पडतं.

गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढू नका, कोणी कितीही सांगो. लाटेत पंखा वर आला की भार एकदम जातो. तेव्हा इंजिनाला आवरणारा तोच. सेंट्रिफ्यूगल क्लच (वेग वाढल्यावरच पकडणारा) घेतलात तर सुरू करताना पंखा फिरणार नाही. इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी मनगटाला बांधाच: माणूस पडला तर इंजिन थांबलंच पाहिजे.

घरी आल्यावर शेपूट गोड्या पाण्याने धुवा, इंजिनावर ओलं फडकं फिरवा. इंजिनाची होडी म्हणजे इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट 2021 खाली नोंदणी आणि तपासणी आली, ती करून घ्या.

पहिली चाचणी भरती थांबली असताना, होडी धक्क्याला मजबूत दोराने बांधून. वल्ही आणि लाइफ जॅकेट होडीतच हवीत.